पाठीवरचा झिंगरू

चाळीस वर्षं मी शेळी होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी उज्ज्वला. गावात मला नावानं कोणी हाक मारत नाही, सगळे मॅडमच म्हणतात. फुलसावंगीच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. छडी फारशी चालवली नाही, जीभ मात्र भरपूर चालवली. त्या जिभेनं मी ज्या बाईला सगळ्यात जास्त टोचलं, तिच्याबद्दलच आज लिहायला बसले आहे. रशीदाबी शेख युनूस, लेडीज टेलर, मशिदीच्या गल्लीत तिसरं दुकान, वय अडुसष्ट. मी तिला रशीदाभाभी म्हणते, ती मला मॅडम म्हणते, आणि आम्ही दोघी एकमेकींचं काहीएक ऐकत नाही.

दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. शिलाई मशीन, बेतायचं टेबल, कोळशाची इस्तरी, एक बाकडं आणि समोरची भिंत. भिंतीला खिळ्यांच्या ओळी आणि प्रत्येक खिळ्याला कागदांची एक जुडी. ज्यांनी आयुष्यभर तयार ब्लाउजच विकत घेतले त्यांच्यासाठी सांगते. टेलर पहिल्यांदा माप घेतो तेव्हा त्या मापाचा कागद कापून ठेवतो. पाठीचा एक, पुढच्या भागाचा एक, बाहीचा एक. पुढच्या वेळी माप घ्यायची गरज नाही, कागद कापडावर ठेवायचा आणि कातरी चालवायची. कागद कोणाचा ते कळावं म्हणून टेलर लोक त्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहून ठेवतात.

रशीदाभाभीला लिहिता येत नाही आणि वाचताही येत नाही. हे सगळ्या गावाला माहीत आहे, तीही लपवत नाही. उशीच्या अभ्र्यावर 'शुभ विवाह' भरून दे म्हटलं तर नमुना समोर ठेवून असं झकास भरते की छापल्यासारखं वाटावं, पण त्यातला 'शु' कोणता आणि 'भ' कोणता हे विचारू नये. मग साठ बायकांच्या साठ जुड्यांतून भुरीबाईची कोणती आणि नलूची कोणती, हे तिला कळायचं कसं? मी एवढी शहाणी मास्तरीण, पण हा प्रश्न मला चाळीस वर्षांत एकदाही पडला नाही.

उत्तर मला गेल्या वर्षी कळलं. भाभीनं नवं नवं दुकान मांडलं तेव्हा तिचे यजमान युनूसभाई सायकली दुरुस्त करायचे. एकदा सामान आणायला यवतमाळला गेले आणि रद्दीवाल्याकडून जुन्या साप्ताहिकाचा एक गठ्ठा घेऊन आले, बायकोला कागद कापायला होईल म्हणून. साप्ताहिकाचं नाव 'पांढरे सोने'. साठच्या दशकात कधीतरी निघालं आणि कधीतरी बंद पडलं. आत कापसाचे भाव, सभांच्या बातम्या, औषधांच्या जाहिराती. आणि शेवटचं अख्खं पान चित्रकथेचं, 'झिंगरूचा लिफाफा'.

झिंगरू हा तहसील कचेरीतला चपराशी. मिशा मोठ्या, पाय बारीक. साहेबानं त्याला एक जाडजूड लिफाफा दिलेला असतो, ज्याचा आहे त्याला देऊन ये म्हणून. झिंगरूला वाचता येत नाही. तो ज्याला त्याला विचारतो, हा लिफाफा कोणाचा? सावकार म्हणतो पाटलाचा, पाटील म्हणतो वैद्याचा, वैद्य चष्मा शोधत बसतो. दर आठवड्याला नवं गाव, नवी फजिती. तीस आठवडे गोष्ट चालली.

भाभीच्या लक्षात आलं की अक्षरांची पानं तिला सगळी एकसारखी दिसतात, चित्राचं पान मात्र एकासारखं दुसरं नाही. मग काय! बाह्या आणि पुढचा भाग साध्या पानांतून कापायचा, पाठ मात्र झिंगरूच्या पानातून, आणि ती अशी कापायची की एखादं चित्र अख्खं मधोमध यावं. एका पानात दोन पाठी बसायच्या. मागून मांजरपाटाचा तुकडा खळीनं चिकटवायचा. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. बाई जाडी झाली की कडेला पट्टी जोडायची. तीस पानं, साठ पाठी, साठ बायका. नंतर आलेल्या बायकांना कॅलेंडरची पानं मिळाली, पण या पहिल्या साठजणी झिंगरूच्या.

आणि हे आम्हाला कोणालाच कळलं नाही, कारण जुड्या भिंतीकडे तोंड करून टांगलेल्या असायच्या. बाहेरून दिसायचं फक्त मांजरपाट. हा तिचा नियम. बाईचं माप म्हणजे अमानत, ते चारचौघांत मांडायचं नाही. नलूचं लग्न जुळत होतं तेव्हा मुलाकडची एक काकू या दुकानात येऊन गोड गोड बोलून नलूचं माप विचारत होती, मुलगी आतून किती वाळलेली आहे ते बघायला. भाभीनं तिला चहा पाजला, बिस्किट दिलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

गिऱ्हाईक बाई वारली की तिचा कागद भाभी इस्तरीच्या निखाऱ्यांत घालायची. एकीच्या मापावर दुसरीचा ब्लाउज बेतायचा नाही आणि गेलेल्या बाईचं माप मागे ठेवायचं नाही. माझी मोठी जाऊ लीलाबाई नऊ वर्षांपूर्वी गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी भाभीनं मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर तिचा कागद जाळला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. सासरी आल्यावर पहिल्या महिन्यात लीलाबाईच मला हात धरून या दुकानात घेऊन आली होती. दोघींची मापं एका दिवशी झाली. म्हणजे दोघींच्या पाठी एकाच पानातून निघाल्या, हे मला आत्ता उमगतंय.

एक जुनी गोष्ट आधीच कबूल करून टाकते. साक्षरतेची मोहीम आली होती तेव्हा गावातल्या प्रौढ बायकांचा वर्ग माझ्याकडे होता. रशीदाभाभी दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी आली नाही. मी दुकानात जाऊन चार बायकांदेखत तिला सुनावलं की तुझ्यासारख्या बायकांमुळे गाव मागे राहतं. ती मशीन चालवत होती, चालवत राहिली. "मले चित्र पुरतात, मॅडम," एवढंच म्हणाली. मी तिच्या नावापुढे लाल शाईनं शेरा मारला, 'शिकण्याची इच्छा नाही'. त्या शेऱ्याचा मला तेव्हा अभिमानसुद्धा वाटला होता, आता काय सांगू.

तर गेल्या वर्षी भाभीची नात गझाला यवतमाळला नर्सिंग शिकत होती. होस्टेलवरच्या मुली मोबाइलवर एक पान वाचून हसत होत्या. बादल राठोड नावाचा एक तिशीतला माणूस यवतमाळात लग्नपत्रिका छापायचं दुकान चालवतो. त्याला जुन्या वर्तमानपत्रांतल्या चित्रकथांचं वेड. एका वकिलाच्या माळ्यावर त्याला 'पांढरे सोने'चे अकरा अंक सापडले. दर रविवारी तो त्यातलं एक पान मोबाइलवर टाकायचा, आणि बघता बघता झिंगरूला हजारो वाचक मिळाले. वणीच्या कोळसा खाणीबाहेर दिवसदिवस रांगेत ट्रक लावून बसणारे ड्रायव्हरसुद्धा वाचत होते आणि लिफाफा कोणाचा यावर पैजा लावत होते. पण अकरा अंकांनंतर गोष्ट अडली. पुढचं कोणाकडेच नव्हतं.

गझालानं मैत्रिणीच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. झिंगरू म्हशीच्या शेपटीला धरून पूर ओलांडतोय. लहानपणापासून दादीच्या हाताखाली जुड्या काढून देणारी ती पोर. ती सहज म्हणाली, "ही तर भुरीमावशीची पाठ आहे."

मैत्रिणींनी ते बादलला कळवलं आणि आठ दिवसांत तो फुलसावंगीत हजर झाला. भाभीनं एकेक खिळा उलटून झिंगरू दाखवला असेल असं वाटत असेल, तर तुम्ही तिला ओळखत नाही. तिनं एक कागद हलू दिला नाही. मला बोलावणं आलं ते मध्यस्थी करायला. बादल बाकड्यावर बसून हात जोडत होता, म्हणत होता की आजी, सगळ्या महाराष्ट्रात हे फक्त तुमच्याकडे उरलं आहे, मला फक्त फोटो काढू द्या. भाभी मान हलवत होती. मीही भाभीला समजावलं. म्हटलं, अगं हा ठेवा आहे, तुझ्यानंतर कोण सांभाळणार?

"ठेवा असन, पण माह्यावाला नाही," ती म्हणाली. "ज्या बाईचं माप तिचा कागद. मी फक्त सांभाळून राह्यली. चाळीस वर्सं एकीचंही माप भायेर नाही गेलं, मॅडम. आता सगळ्या दुनियेले दाखवू काय?"

बादलचा चेहरा पडला. त्याचं खरं होतं आणि तिचंही खरं होतं. कागद न द्यावे तर गोष्ट या भिंतीवरच मरणार, एकेक बाई जाईल तसा एकेक झिंगरू निखाऱ्यात जाणार. चौदा तर गेलेच होते. आणि द्यावे तर ज्या एका गोष्टीवर रशीदाभाभी गावात मान वर करून जगली, ती गोष्ट मोडणार. मला तोवर वाटत होतं की ही अडाणी हट्टीपणा करते आहे. त्या दिवशी प्रथमच वाटलं की आपल्या गावात एवढी इमानाची बाई आहे आणि आपण तिला लाल शाई दाखवली.

वाट काढली तीही तिनंच. म्हणाली, बाजाराच्या दिवशी बाया येतात. मी एकेकीले इचारते. जी हो म्हणन तिचा कागद निघन, फोटो गझाला काढन, माणसानं हात नाही लावायचा, आणि मापाच्या खुणा फोटोत दिसल्या नाही पाहिजे. बादल म्हणाला, दोन पाठी जोडून पुन्हा अख्खं पान करू आणि कापलेल्या रेघा कॉम्प्युटरवर पुसून टाकू, माप कुठंच राहणार नाही. भाभीनं हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

पुढचे चार बाजार त्या गल्लीत जी मजा झाली ती मी जन्मात विसरणार नाही. मी बाकड्यावर यादी घेऊन बसलेली, गझाला आत मोबाइल घेऊन, आणि भाभी प्रत्येकीला पडद्याआड नेऊन तिचा कागद तिच्या हातात देतेय. तोवर कोणालाच माहीत नव्हतं की या दुकानात आपण कोण आहोत. भुरीबाई ही तांड्यावरची. अंगणवाडीत मदतनीस लागली तेव्हा कांचळी, म्हणजे बंजारणींची आरशांची चोळी, सोडून पहिला ब्लाउज तिनं इथंच शिवला होता. पुरातली म्हैस बघून ती एवढी खूश झाली की कागद डोक्यावर धरून बाहेर आली. माप दिसेल म्हणून भाभी तिच्यामागे धावली. नलूच्या पाठीवर गाढव निघालं. नलू पंधरा दिवस बोलली नाही, मग म्हणाली फोटो काढा, पण खाली माझं नाव टाका. तिघीजणी साफ नाही म्हणाल्या. भाभीनं त्यांच्या जुड्या मुकाट्यानं परत भिंतीकडे तोंड करून टांगल्या आणि बादलला शब्द काढू दिला नाही.

माझी पाठ निघाली तेव्हा मी चष्मा पुसून पाहिला. झिंगरू झाडाखाली झोपलेला आणि एक शेळी त्याच्या लिफाफ्याचा कोपरा खातेय. कडेला तीन पट्ट्या जोडलेल्या, त्या शेळीच्या नव्हे, माझ्या. मी भाभीकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत बसली. भुरीबाईनं विचारलं, "रशीदा, तुह्यं चित्र कोणतं?" भाभी म्हणाली, मले कायले पाहिजे, मी मले वयखतेच की. तिनं स्वतःच्या मापाचा कागद कधी कापलाच नव्हता.

गझालाचे फोटो घेऊन बादल पानं जुळवत गेला. जळालेल्या पाठींपैकी बऱ्याच त्याच्या अकरा अंकांत मिळाल्या. काही मिळाल्या नाहीत, पण गोष्ट त्यांच्याविना पुढे सरकत होती. अडली ती शेवटी. तिसाव्या आठवड्याचं पान म्हणजे माझी शेळी आणि तिची जोडीदारीण. शेळीवाल्या भागाच्या शेवटी लिहिलं होतं, 'आणि तेवढ्यात...'. तेवढ्यात काय झालं ते लीलाबाईच्या पाठीवर होतं, आणि लीलाबाईची पाठ माझ्या डोळ्यांसमोर जळाली होती.

बादल डोक्याला हात लावून बसला. तिकडे रोज शेकडो लोक विचारत होते, लिफाफा कोणाचा? भाभी उठली. खाकी कागदाचा ताव काढून बेतायच्या टेबलावर पसरला, कापडावर खुणा करायचा पांढरा खडू घेतला.

"लीलाबाईची जुडी मी तीस वर्सं काढली," ती म्हणाली. "ते मले झोपेतही दिसते."

आधी तिनं चौकट आखली, पट्टी न लावता, सरळ. मग झिंगरू, लिफाफा छातीशी धरून, तोंड उघडं. मग एक शाळकरी मुलगी, दोन वेण्या, काखेत पाटी, हातात शेळीची दोरी. मुलीच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा. मी म्हटलं भाभी, राहू दे, फुगा रिकामा सोडू. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फुग्यात तिनं दोन आडव्या रेघा मारल्या, वर एक, खाली एक, आणि खालच्या रेघेच्या उजव्या टोकापासून अक्षरं अडकवू लागली, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. उलट्या बाजूनं येत होती, म्हणून मला अर्थ लागेना. 'आहे' आलं. मग 'नाव'. मग 'तुमचंच'. खडू थांबला, तिनं डोळे मिटले, उघडले, वरच्या रेघेवर 'यावर तर' आलं. आणि सगळ्यात शेवटी, डाव्या टोकाला, लांबलचक 'झिंगरूदादा'. एक काना चुकला नव्हता. एक मात्रा चुकली नव्हती. माझ्या एकतीस वर्षांत असं शुद्धलेखन मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वह्यांत पाहिलं.

"काय लिहेल हाय?" तिनं विचारलं.

मला वाचवेना. गझालानं माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मी वाचलं. "झिंगरूदादा, यावर तर तुमचंच नाव आहे."

रशीदाभाभी चित्राकडे बघत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले.

"म्हणजे त्याले वाचता आलं असतं," ती म्हणाली, "तर गोष्ट पयल्याच पानावर सपली असती."

मी तिचे पाय धरायला वाकले, खोटं कशाला सांगू. तिनं मला दंडाला धरून वर उचललं आणि बाकड्यावर बसवलं. मी म्हटलं, भाभी, तो लाल शेरा मी मारायला नको होता. ती म्हणाली, कोणता शेरा? तिनं तो कधी वाचलाच नव्हता.

शेवटचं पान त्या रविवारी मोबाइलवर गेलं. डावीकडे छापील शेळी, उजवीकडे खाकी कागदावर पांढरा खडू, आणि खाली बादलनं लिहिलं, 'हे चित्र रशीदाबी शेख युनूस, फुलसावंगी, यांनी आठवणीतून काढले'. कोणकोण दुकान विचारत गल्लीत येऊ लागलं. वणीचा एक ट्रक ड्रायव्हर पैज जिंकला म्हणून पेढे देऊन गेला. भाभीनं सगळ्यांना पाणी दिलं आणि भिंतीला हात लावू दिला नाही.

त्या खडूच्या चित्राचा फोटो झाल्यावर तिनं जे केलं ते बघून बादल ओरडायचाच बाकी होता. खडू उडू नये म्हणून तिनं त्या खाकी कागदावर पातळ खळीचा हात फिरवला, तो वाळू दिला, मागून मांजरपाट चिकटवला. मग टेप गझालाच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. गझालानं खांदा मोजला, उंची मोजली, मी आकडे वाचून खुणा केल्या, आणि भाभीनं कातरी घेऊन तो कागद सरळ कापला, मुलगी आणि झिंगरू आणि ते वाक्य अख्खं मधोमध ठेवून.

पहिल्या ओळीतला पहिला खिळा चाळीस वर्षं रिकामा होता. कागद तिनं तिथं टांगला. बाकी सगळे भिंतीकडे तोंड करून आहेत. तो एकच तिनं समोर तोंड करून ठेवला आहे.